सोडून दिलेला डाव

आपल्या माणसाला दुःख होऊ नये म्हणून आपण एखादी गोष्ट त्याच्यापासून लपवतो, एखादे खोटे बोलतो, कधी मुद्दाम कमीपणा पत्करतो. असे करताना मनाला टोचणी लागत नाही. उलट, आपण काही चांगले केले असे समाधान वाटते. हे समाधान खरे आहे काय? प्रीतीपोटी केलेली फसवणूक ही फसवणूकच असते, की प्रीतीचा स्पर्श होताच तिचे रूप पालटते? या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही ग्रंथातून मिळाले नाही. ते एका वसतिगृहात, बुद्धिबळाच्या पटापाशी, एका मित्राने माझ्यापुढे ठेवले, आणि त्या वेळी ते ऐकवत नव्हते.

गोष्ट १९९५ सालची. मी सोलापूरचा, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला तेव्हाच्या मद्रासमध्ये शिकत होतो. पुढच्याच वर्षी त्या शहराचे नाव चेन्नई झाले. आमच्या वसतिगृहात देशाच्या चारी कोपऱ्यांतील मुले होती. एकमेकांची लांबलचक नावे जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही एकमेकांना गावांच्याच नावांनी हाक मारीत असू. मी ‘सोलापूर’. माझ्या खोलीत एक ‘कोट्टयम’ होता, समोरच्या खोलीत एक ‘जमशेदपूर’. आणि जिन्याच्या टोकाशी असलेल्या लहान खोलीत ‘नेल्लै’ राहत असे. तिरुनेलवेलीचे हे तिकडचे घरगुती नाव. बोलणे इंग्रजीत चाले, भांडण आपापल्या मातृभाषेत आणि मेसमध्ये वाढप्याशी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये. सांबार आणि रसम यांतील भेद कळायला मला पहिले सहा महिने लागले. नेल्लैची मैत्री मात्र पहिल्या आठवड्यातच जडली, कारण त्याच्या ट्रंकेत कपड्यांच्या वर बुद्धिबळाचा पट ठेवलेला मला दिसला.

बुद्धिबळाला त्या शहरात वेगळाच मान होता. भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर मॅन्युएल ॲरन यांनी १९७२ साली तेथील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात बुद्धिबळाचा क्लब सुरू केला होता. त्याच क्लबात लहानपणी खेळलेले विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले. आणि १९९५ च्या सप्टेंबर महिन्यात हेच आनंद न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७व्या मजल्यावर गॅरी कास्पारोव्ह यांच्याशी जगज्जेतेपदासाठी झुंजत होते. आमच्या वसतिगृहाला त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता.

न्यूयॉर्कमधील दुपार म्हणजे आपल्याकडची रात्र. त्यामुळे डावाच्या संपूर्ण चाली हाती पडायला बहुधा एक दिवस जास्त लागे. कॉमन रूममधील वर्तमानपत्राचा तो कोपरा कोणी तरी दाढीच्या पात्याने कापून नेई, आणि संध्याकाळी नेल्लैच्या खोलीत पट मांडला जाई. पहिले आठही डाव बरोबरीत सुटले. नवव्या डावात आनंद जिंकले, तेव्हा बुद्धिबळातले काडीचेही न कळणारा जमशेदपूर जिन्यातून थाळी वाजवीत खाली गेला. पण दहाव्या डावात कास्पारोव्ह यांनी घरी आधीच कसून तपासून आणलेल्या चालींनी हत्तीचे बलिदान दिले आणि डाव जिंकला. पुढच्या चार डावांपैकी तीन त्यांनी घेतले. सामना १८ डावांत साडेदहा विरुद्ध साडेसात असा संपला. त्या रात्री आमच्या मजल्यावर कोणी फारसे बोलले नाही. तथापि, आनंद यांच्यावर कोणी दया दाखवावी असेही कोणाच्या मनात आले नाही. ते खरे हरले होते, आणि म्हणूनच नववा डावही ते खरे जिंकले होते. ही साधी गोष्ट माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवी होती. ती आली नाही.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नेल्लैचे वडील वारले होते. ते शाळेत गणित शिकवीत. नेल्लै दर सुट्टीनंतर येताना गावचा प्रसिद्ध हलवा घेऊन येई. केळीच्या पानात बांधलेला, तुपाने निथळणारा. जून महिन्यात तो रिकाम्या हाताने आला. आम्ही काही विचारले नाही. त्यानेही काही सांगितले नाही. तो वर्गात जाई, मेसमध्ये बसे, विचारल्यास उत्तर देई. पण त्याचे हसणे कोठे तरी मागेच राहिले होते. आनंद आणि कास्पारोव्ह यांचे डाव मांडताना तेवढा तो पूर्वीसारखा होई.

ऑक्टोबरमध्ये वसतिगृहाची स्पर्धा झाली. चौदा खेळाडू, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक डाव. जो पहिला येईल त्याने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या वतीने उतरावयाचे. शेवटच्या फेरीत माझी गाठ नेल्लैशी होती आणि मी अर्ध्या गुणाने पुढे होतो. बरोबरी झाली तरी पहिला क्रमांक माझा. त्याला मात्र जिंकणे भागच होते.

आदल्या रात्री कोट्टयम माझ्या खाटेवर येऊन बसला. तो आमच्यातील सर्वांत समंजस. म्हणाला, “उद्या त्याला जिंकू दे. तुझे काय जाणार? पुढच्या वर्षी तू जिंकशील. त्याला या वर्षी काही तरी मिळायला हवे.” त्याच्या डोळ्यांत पाणी होते. त्या बोलण्यात स्वार्थाचा लवलेश नव्हता. माझ्याही मनात तेच घोळत होते. त्याने केवळ ते शब्दांत आणले. आपण एक मोठे, निःस्वार्थ कृत्य करणार आहोत या जाणिवेने मला त्या रात्री फार गाढ झोप लागली. आज मला त्या झोपेचीच अधिक लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी डाव चांगला रंगला. वजीर पटावरून गेले, घोडे-उंट गेले. दोघांकडे एकेक हत्ती उरला आणि माझ्याकडे एक प्यादे अधिक. बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रत्येकाला शेवटच्या टप्प्याचा एक नियम ठाऊक असतो: आपले पुढे सरकणारे प्यादे वाचवायचे तर हत्ती त्याच्या मागे ठेवावा. मी अकरा मिनिटे विचार केल्याचे नाटक केले आणि हत्ती मागे नेण्याऐवजी प्यादेच पुढे ढकलले. तीन चालींत ते गेले. मग मी हत्ती भलत्याच बाजूला नेला, राजा एकटा पडला आणि एकसष्टाव्या चालीला मी हात पुढे केला. मुलांनी नेल्लैला खांद्यावर घेतले. रात्री रस्त्यापलीकडच्या टपरीवर सर्वांना परोटे मिळाले. नेल्लै हसला, खरेच हसला. कोट्टयमने टेबलाखालून माझा हात दाबला.

चौथ्या दिवशी रात्री साडेदहाच्या सुमारास नेल्लैने मला खोलीत बोलावले. पटावर आमचाच डाव मांडलेला होता. स्पर्धेच्या डावात दोन्ही खेळाडूंना प्रत्येक चाल लिहून ठेवावी लागते. त्याच्या हातात तोच कागद होता. त्याने माझ्या प्याद्यावर बोट ठेवले.

“हत्ती मागे का नाही नेलास?”

मी म्हणालो, “सुचले नाही.”

“पहिल्या वर्षी हा नियम तुला मीच दाखवला होता. त्यानंतर तू मला याच नियमाने दोनदा हरवलेस. अकरा मिनिटे बसूनही तुला सुचले नाही?”

मी गप्प राहिलो. बुद्धिबळात हे एक वाईट आहे. इतर खेळांतील चूक वाऱ्यावर विरून जाते. येथे ती कागदावर राहते आणि जाणता माणूस ती पुन्हा वाचू शकतो.

तो रागावला असता तर मला सोपे गेले असते. तो अगदी हळू आवाजात बोलत होता. “अप्पा मला कधीही जिंकू देत नसत. मी सहा वर्षांचा होतो तेव्हादेखील नाही. मी रडायचो. आई त्यांना बोलायची. ते म्हणायचे, ‘तो जिंकेल तेव्हा त्याला कळेल.’ बारावीच्या सुट्टीत मी त्यांना एकदा हरवले. आयुष्यात एकदाच. ते गेल्यापासून सगळे मला जपताहेत. आई जपते, मामा जपतात, प्राध्यापक जपतात. मला कोणी ‘नाही’ म्हणत नाही. मला वाटले, निदान या पटावर कोणी तरी अजून माझ्याशी नीट भांडते आहे.” मग बराच वेळ थांबून तो म्हणाला, “आता रात्रभर मी एकच विचार करतो. तोही डाव अप्पांनी सोडला असेल का?”

वाचकहो, मी या एका वाक्यापाशी गेली अनेक वर्षे अडखळतो आहे. मी त्याला एक विजय दिला अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्याच्याजवळ असलेला एकमेव विजय मी त्याच्याकडून काढून घेतला होता. आणि तो परत देणे माझ्या हाती नव्हते, कारण वडिलांबरोबरचा तो डाव कोणी लिहून ठेवला नव्हता. आता तो तपासून पाहता येणार नव्हता, आणि ज्यांना विचारावे ते राहिले नव्हते.

खोटेपणाचा परिणाम पुढच्या काळावर होतो हे आपण जाणतो. एकदा खोटे बोलणाऱ्यावर पुन्हा विश्वास बसत नाही. पण तो मागेही पसरतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. ज्याला एकदा प्रेमाने फसवले गेले आहे, त्याला आपल्यावर झालेल्या साऱ्या प्रेमाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. कोणती शाबासकी खरी होती? कोणते हसू खरे होते? मला चांगले म्हणणारे मला चांगले समजत होते की केवळ दुबळे? शत्रूच्या फसवणुकीने हा संशय निर्माण होत नाही. तो आपल्या माणसाच्याच फसवणुकीने होतो, आणि ती फसवणूक जितकी प्रेमळ तितका तो खोल जातो.

येथे कोणी म्हणेल, खेळातील एका डावाचे इतके काय? पुढे मी बुद्धिबळाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा मला दिसले की थोरामोठ्यांच्या डावांतही हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला आहे. १९६२ साली क्युरासाव बेटावर जगज्जेत्याचा आव्हानवीर निवडण्यासाठी स्पर्धा झाली. तीत पेट्रोसियन, केरेस आणि गेलर हे तीन सोव्हिएत खेळाडू आपसांत एकूण बारा डाव खेळले आणि बाराही बरोबरीत सुटले. हे आधीच ठरलेले होते असा आरोप बॉबी फिशर यांनी जाहीरपणे केला. पुढे जागतिक संघटनेने ती पद्धतच बदलली आणि स्पर्धेऐवजी दोघादोघांचे सामने सुरू केले. तेथे जे काही घडले असेल, ते दोन्ही बाजूंना निदान ठाऊक तरी होते. माझ्या डावात ते एकालाच ठाऊक होते. मी पटावर एकटाच बसलो होतो. समोरचा माणूस मी मनातून केव्हाच उठवून लावला होता.

दुसरे उदाहरण याच्या उलट टोकाचे. १९९४ मध्ये स्पेनमधील लिनारेस येथे कास्पारोव्ह यांनी सतरा वर्षांच्या जुडिट पोल्गार हिच्याविरुद्ध घोडा एका घरात ठेवला, आणि तेथे धोका दिसताच तो उचलून दुसऱ्या घरात नेला. मोहऱ्यावरून हात सुटला की चाल पुरी झाली, हा नियम. हात क्षणभर सुटल्याचे चित्रफितीत दिसले; आपल्याला ते जाणवले नव्हते असे कास्पारोव्ह यांचे म्हणणे होते. जुडिटने त्या क्षणी तक्रार केली नाही आणि ती डाव हरली. या प्रसंगात समोरच्याचे काही गेले. माझ्या प्रसंगात समोरच्याला काही मिळाले. म्हणून आपण पहिल्याला दोष देतो आणि दुसऱ्याचे कौतुक करतो. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. दोघांचा मिळून असलेला डाव एका हाताने परस्पर ठरवला जातो. चोरून घेणे आणि चोरून देणे यांत हेतूचे अंतर मोठे आहे, हे मी नाकारीत नाही. तरीही ज्याला दिले त्याचा मान दोन्हीकडे सारखाच जातो.

मग औदार्य दाखवायचेच नाही काय? दाखवावे, परंतु ते कसे, हे बोरिस स्पास्की यांच्याकडून शिकावे. १९७२ साली रेक्याविक येथे फिशर यांच्याविरुद्धच्या सामन्यात स्पास्की दोन शून्य असे पुढे होते. दुसऱ्या डावाला तर फिशर आलेच नव्हते. कॅमेरे आणि प्रेक्षक यांना कंटाळून ते सामनाच सोडून जातील अशी चिन्हे होती. स्पास्की नियमावर बोट ठेवून जगज्जेते म्हणून घरी परतू शकले असते. त्याऐवजी त्यांनी तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका लहानशा खोलीत खेळण्यास मान्यता दिली. तो डाव फिशर जिंकले. स्पास्कींविरुद्धचा तो त्यांचा पहिलाच विजय. सहाव्या डावात फिशर इतके सुंदर खेळले की हरलेल्या स्पास्कींनीच उभे राहून टाळ्या वाजवल्या. शेवटी साडेबारा विरुद्ध साडेआठ अशा गुणांनी त्यांचे पद गेले.

स्पास्कींचे औदार्य आणि माझे औदार्य यांत काय फरक होता? त्यांनी जागेचा आग्रह सोडला, हक्क सोडला, सोय सोडली. पण पटावरची एकही चाल सोडली नाही. जे सोडले ते उघडपणे सोडले, फिशर यांच्या डोळ्यांदेखत. म्हणून फिशर यांचा विजय फिशर यांचाच राहिला. जुन्या काळी मोठे खेळाडू नवख्याशी खेळताना स्वतःचे एखादे प्यादे किंवा घोडा आधीच पटावरून काढून ठेवीत. तोही दानाचाच प्रकार. परंतु तो डाव सुरू होण्यापूर्वी, दोघांच्या संमतीने होई. नवखा जिंकला तर ‘घोडा कमी असताना जिंकलो’ हे त्याला ठाऊक असे, आणि तेवढा विजय त्याचा असे. उघड दिलेली सवलत माणसाला उभे राहायला मदत करते. लपवलेली सवलत त्याला उभे असल्याचा केवळ भास देते.

याची दुसरी बाजू मांडली नाही तर लेखणीला न्याय होणार नाही. सत्याचे नाव घेऊन माणसे निष्ठुर होतात, हेही मी त्याच वसतिगृहात पाहिले. जमशेदपूरला खरे बोलण्याचा मोठा अभिमान होता. कोणाचा आवाज बेसूर, कोणाचे इंग्रजी अशुद्ध, कोणाचे घर गरीब, हे तो तोंडावर सांगे आणि वर म्हणे, “मी खोटे बोलत नाही.” त्याचे बोलणे खोटे नसे, पण ते बोलून झाल्यावर तो निघून जाई. ऐकणारा त्या सत्यासह एकटा उरे. मला वाटते, नेमकी कसोटी येथे आहे. खरे सांगणारा पुढे थांबतो की नाही? नेल्लैचे वडील त्याला हरवीत. पण हरवून झाल्यावर ते पुन्हा पट मांडीत. लहानग्याचे रडणे ऐकत ते तेथेच बसून राहत. ते निष्ठुर नव्हते. आपला मुलगा एक दिवस जिंकेल असा त्यांचा विश्वास होता आणि ते त्या दिवसाची वाट पाहत होते. मुद्दाम हरणाऱ्याला वाट पाहावी लागत नाही. त्याचा विश्वास आधीच संपलेला असतो.

त्या रात्री मी नेल्लैला सर्व सांगितले. कोट्टयमचे नाव मात्र घेतले नाही. दुसऱ्या दिवशी तो खेळ पाहणाऱ्या प्राध्यापकांकडे गेला आणि शेवटचा डाव पुन्हा खेळवावा असे म्हणाला. कारण विचारल्यावर त्याने सांगितले, “तो डाव झालाच नाही.” मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि परवानगी दिली.

तो दुसरा डाव हा माझ्या आयुष्यातील सर्वांत कठीण डाव. प्रत्येक चांगली चाल सापडली की छातीत कळ येई. मी जिंकलो. नेल्लैने हात मिळवला आणि तो सरळ गच्चीवर निघून गेला. त्याला आनंद झाला असे मी म्हणणार नाही; त्याला वाईट वाटले, फार वाईट वाटले. ईशान्येचा पाऊस लागलेला होता. तासाभराने तो ओल्या कपड्यांनी खाली आला, पट ओढला आणि म्हणाला, “बाविसाव्या चालीला मी उंट का मारला?” मग आम्ही पहाटे दोनपर्यंत तो डाव पहिल्यापासून तपासत बसलो. बुद्धिबळात अशी रीतच आहे. डाव संपला की जिंकणारा आणि हरणारा शेजारी बसून कोण कोठे चुकले ते शोधतात. स्पर्धा चालू असताना जे एकमेकांपासून लपवले, ते सारे आता एकमेकांना दाखवतात. शत्रुत्वाचा खेळ मैत्रीत कसा उतरतो, याचा इतका साधा विधी दुसऱ्या कोणत्या खेळात असेल असे मला वाटत नाही. खरा डाव झाला असेल तरच हे शक्य होते. सोडून दिलेल्या डावात तपासण्यासारखे काही नसते.

सर्व काही पूर्ववत झाले नाही. पुढे कित्येक महिने मी त्याच्याकडून हरलो की तो क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाही आणि विचारी, “खरेच?” मी म्हणे, “खरेच.” तो एक प्रश्न ही माझी शिक्षा होती, आणि ती योग्य होती. जानेवारीत सुट्टीहून परतताना त्याने हलवा आणला. अर्धा मला दिला. काही बोलला नाही.

मी पुढे शिक्षक झालो. परीक्षेचे कागद तपासताना एखाद्या कष्टाळू, घरच्या अडचणींनी गांजलेल्या मुलाला गुपचूप पाच गुण वाढवावे असा मोह होतो, तेव्हा मला ते प्यादे आठवते. गुण आहेत तेवढेच लिहावेत, आणि शनिवारी त्याला घरी बोलावून शिकवावे. हा मार्ग लांबचा आहे, आपला वेळ खाणारा आहे. गुपचूप दिलेले पाच गुण फार स्वस्त पडतात. कदाचित म्हणूनच ते देण्यास आपण इतके उत्सुक असतो.

आईच्या शेवटच्या आजारात आम्हा भावंडांनी तिला निदान सांगायचे नाही असे ठरवले होते. घरात सगळे हसतमुखाने वावरत. एके दिवशी तिने मला विचारले, “मी बरी होतेय ना रे?” मी तिच्याजवळ बसलो आणि खरे ते सांगितले. ती त्या रात्री रडली, हे मी लपवीत नाही. मोठी बहीण कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी आईने कपाट उघडायला लावले, कोणती साडी कोणाला ते सांगितले, एका जुन्या शेजारणीला बोलावून तिच्याशी वीस वर्षांचा अबोला मिटवला. आम्ही तिच्यापासून तिचे शेवटचे दिवस लपवून ठेवले होते. ते तिला परत मिळाले. प्रत्येक घरी हेच करावे असे मी म्हणत नाही. काहींना जाणून घ्यायचे नसते, आणि तोही त्यांचा अधिकार आहे. परंतु तिने विचारले होते. विचारणाऱ्याला उत्तर मिळायला हवे.

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे चेन्नईचा अठरा वर्षांचा डी. गुकेश जगज्जेता झाला. चौदावा, अखेरचा डाव बरोबरीकडे चालला असता ५५व्या चालीला डिंग लिरेन यांच्या हातून हत्तीची एक चूक झाली आणि सामना साडेसात विरुद्ध साडेसहा असा संपला. गुकेशला रडू आवरत नव्हते. तरीही जागेवरून उठण्यापूर्वी त्याने पटावरचे एकेक मोहरे उचलून पुन्हा पहिल्या घरी मांडले. ते दृश्य पाहून मी नेल्लैला दूरध्वनी केला. एकोणतीस वर्षांपूर्वीचा विषय आम्ही काढला नाही. तो एवढेच म्हणाला, “डिंगची ती चूक खरी होती. म्हणून या मुलाला शांत झोप लागेल.”

आम्ही दोघे अजून खेळतो. पूर्वी पोस्टकार्डावर चाली पाठवीत असू, आता दूरध्वनीवर कळवतो. गेल्या महिन्यात तो माझ्याकडून एक हातचा डाव हरला. त्याला वाईट वाटले, मलाही बरे वाटले नाही. मग आम्ही पट पुन्हा पहिल्यापासून मांडला आणि तो कोठे चुकला ते शोधू लागलो.